नागपूर–कोल्हापूर ७०० किलोमीटर: अंतर सांगता, मग वेळही खरी सांगा

प्रति,
प्रादेशिक मार्गांवर विमाने उडवणाऱ्या कंपन्यांचे वेळापत्रक आखणारे अधिकारी,
आणि राज्याच्या विमानचालन विभागातील संबंधित

स. न. वि. वि.

नागपुरात बर्डीवर माझे तिकिटांचे दुकान आहे. रेल्वे, ट्रॅव्हल्स, विमान, ज्याला जे परवडेल ते काढून देतो. माणूस काउंटरवर येतो, कुठे जायचे ते सांगतो आणि भाडे विचारायच्या आधी विचारतो, "किती वेळ लागते जी?" दिल्ली-मुंबईचे उत्तर मी मान वर न करता देतो. कोल्हापूर, नांदेड, नाशिक ही नावे आली की मात्र अडखळतो. अंतर मला तोंडपाठ आहे. विमान हवेत साधारण किती मिनिटे असते, तेही ठाऊक आहे. पण समोरच्याला जे हवे असते ते या दोन आकड्यांत नसते, आणि ज्यांच्याकडे ते असते ते तुम्ही लोक कुठेच लिहून ठेवत नाही.

एकच मार्ग धरून बोलतो, म्हणजे बोलणे मोघम होणार नाही.

सोनेगाव ते उजळाईवाडी, म्हणजे नागपूर विमानतळ ते कोल्हापूर विमानतळ, सरळ रेषेत सुमारे ७०० किलोमीटर. वैमानिकांचा नॉटिकल मैल १.८५२ किलोमीटरचा, त्या हिशेबाने ३८० मैलांच्या आत-बाहेर. नकाशावर पट्टी ठेवून रेघ ओढून बघा. ती वर्ध्याजवळून निघते, यवतमाळला शेजारी ठेवते, पूर्णेवरून मराठवाडा ओलांडते, धाराशिवला चाटून थेट पंढरपुरावर येते आणि मिरजेच्या बाजूने कोल्हापुरात शिरते. राज्याचा कर्णच म्हणा. समृद्धी महामार्गाची नागपूर ते मुंबई लांबीही योगायोगाने ७०१ किलोमीटरच आहे. मुंबईकडे जायला आम्हाला तेवढ्या लांबीचा सहा पदरी रस्ता मिळाला, त्याचा आनंदच आहे. कोल्हापूरकडे मात्र अजून रेघच आहे.

जमिनीवरून जायचे तर रस्ता वर्धा, यवतमाळ, नांदेड, लातूर, तुळजापूर, सोलापूर असा फिरत साडेआठशे किलोमीटरच्या आसपास भरतो. रेल्वेचे दोन पर्याय. रोजची महाराष्ट्र एक्स्प्रेस गोंदियाहून निघते आणि नागपूर, भुसावळ, मनमाड, पुणे, सातारा करत कोल्हापूरला पोहोचते. राज्याची हद्द न सोडता तेराशे किलोमीटरहून जास्त धावणारी ही गाडी रेल्वेप्रेमींना कौतुकाची वाटते. तिच्यात बसणाऱ्याला कौतुक मनमाडपर्यंतच टिकते. दुसरी गाडी अकोला, हिंगोली, पूर्णा, लातूर, पंढरपूर या बाजूने जाते, पण ती आठवड्यातून दोनच दिवस. पवनार ते पत्रादेवी असा शक्तिपीठ महामार्ग व्हायचा आहे आणि त्याला कोल्हापूरकडच्या शेतकऱ्यांचा विरोध आहे. त्या वादात मी शिरत नाही. एवढेच म्हणतो की हवेतल्या रस्त्याला कोणाचा सातबारा लागत नाही.

आता वेळ. फोनवर दोन विमानतळांची नावे टाकली की अंतर येते, खाली उड्डाणाची वेळ येते. गिऱ्हाईक तो पडदा माझ्यापुढे धरतो: "हे पाहा, बावन्न मिनिटं." ७०० ला ताशी ८०० च्या वेगाने भागले की बावन्न-त्रेपन्न मिनिटे येतात, गणित बरोबर आहे. फक्त कुठलेही विमान दाराशी ८०० च्या वेगाने सुरू होत नाही आणि त्या वेगाने दाराशी थांबत नाही. इंजिने सुरू होणार, टॅक्सी करत, म्हणजे जमिनीवर चालत, धावपट्टीच्या टोकाला जाणार, रांग असेल तर थांबणार, मग चढ. सोनेगावची धावपट्टी वायव्य-आग्नेय पसरली आहे. वायव्येला उडालेल्या विमानाला कोल्हापूरची नैऋत्य दिशा धरायला डावीकडे वळसा घ्यावा लागतो. उजळाईवाडीची धावपट्टी जवळजवळ पूर्व-पश्चिम. वारा पश्चिमेचा असला तर नागपूरकडून येणारे विमान फारसे न फिरता उतरते. वारा उलटा असला तर पुढे जाऊन वळून यायचे, पाच-सात मिनिटे तिथेच गेली. हिवाळ्यात उंचावर पश्चिमेचा जोरदार वारा असतो, म्हणून जाताना घड्याळ जरा रेंगाळते आणि येताना पळते.

विमान कोणते, यावर तर सगळेच अवलंबून. छोट्या जेटला, म्हणजे पंचाहत्तर-ऐंशी आसनांच्या एम्ब्रेअरला, दारापासून दारापर्यंत तास-वीस ते तास-पंचवीस मिनिटे धरावीत. एटीआर, ज्याला आमच्याकडे सरळ पंख्याचे विमान म्हणतात, ते ५०० च्या आसपास वेगाने जाते आणि २५ हजार फुटांच्या वर जात नाही. त्याला पावणेदोन तास, थोडे जास्तच. मोठे एअरबस इथे आणता येईल असे कोणी म्हणेल, तर नागपूरची धावपट्टी ३,२०० मीटर असली तरी कोल्हापूरची वाढवल्यावर १,९३० मीटर झाली, आणि ते गाव समुद्रसपाटीपासून सहाशे मीटर उंच. उन्हाळ्यात हवा तापून विरळ झाली की अशा ठिकाणी छोट्या विमानालाही वजनाचा विचार करावा लागतो. म्हणजे या मार्गावर विमान छोटेच राहणार, आणि वेळ छोट्या विमानाचीच धरायला हवी.

चाकांखालचे चॉक, म्हणजे अडसर, काढल्यापासून पुन्हा चॉक लावेपर्यंतच्या या वेळेला तुम्ही ब्लॉक टाइम म्हणता. माझ्या गिऱ्हाइकांपैकी क्वचित कोणी हा शब्द ऐकलेला असतो, आणि त्यांचे हक्क त्याच शब्दावर टांगलेले असतात. विमान रद्द झाले आणि कंपनीने वेळेत कळवले नाही, तर डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय संस्थेच्या, नियमाप्रमाणे भरपाई ब्लॉक टाइमवर ठरते: एक तासापर्यंतच्या उड्डाणाला ५,००० रुपये, एक ते दोन तासांना ७,५००, त्यापुढे १०,०००, किंवा मूळ भाडे अधिक इंधन शुल्क, यांत जे कमी असेल ते. हवामानासारखे कंपनीच्या हाताबाहेरचे कारण असले तर तेही नाही. अडीच तासांपर्यंतच्या ब्लॉक टाइमच्या विमानाला दोन तास उशीर झाला की खाणे-पिणे द्यावे लागते. नांदेडचे उड्डाण तासाच्या आतले, म्हणून तिथला माणूस पहिल्या पायरीवर, कोल्हापूरचा दुसऱ्या पायरीवर. दोघांनाही हे कोणी सांगत नाही. तिकिटावर सुटण्याची वेळ असते, पोहोचण्याची असते, सामानाचे किलो असतात, खिडकीच्या सीटचे जादा पैसे असतात. हे दोन ओळींचे कलम तेवढे बसत नाही.

पण माझी खरी तक्रार मिनिटांची नाही. पन्नास मिनिटांचे सत्तर झाले म्हणून नागपूरचा माणूस रडत नाही. त्याचे दुखणे वेगळे आहे, आणि ते समजायला घरापासून घरापर्यंतचा हिशेब मांडावा लागतो.

नंदनवनला राहणारा माणूस धरा. सोनेगावला पोहोचायला पाऊण तास. मेट्रो आहे, पण तिचे स्थानक वर्धा रोडवर आणि टर्मिनल आत, बॅगा असल्या की तो शेवटचा तुकडा ऑटोवाल्याच्या मर्जीवर. काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो, म्हणून दीड तास आधी पोहोचलेले बरे. मग तास-वीस ते पावणेदोन तास विमान. कोल्हापुरात उतरून सामान घेऊन शहरात शिरेपर्यंत आणखी तास. बेरीज साडेचार-पाच तास. हेच पुण्यापर्यंत विमानाने आणि पुढे गाडीने केले, तर नागपूर–पुणे हवाई अंतर ६०० किलोमीटर, त्याचा दीड तास, आणि पुढे पुणे–कोल्हापूर रस्त्याचे चार-पाच तास. दहा तासांची निश्चिंती. हैदराबादमार्गे गेलात तर आधी ४३० किलोमीटर दक्षिणेला, मग ४४५ किलोमीटर पश्चिमेला. ७०० च्या जागी पावणेनऊशे किलोमीटर हवेत, आणि मधले कनेक्शन जुळले नाही तर अर्धा दिवस हैदराबादच्या टर्मिनलवर महागडी कॉफी पीत. दोन तिकिटे वेगवेगळ्या पीएनआरची असली आणि पहिले विमान उशिरा आले, तर दुसऱ्याचे पैसे गेले ते गेलेच.

साडेचार तासांचा थेट प्रवास समोर असताना माणूस दहा तासांचा का घेतो? दहाच काय, सतरा-अठरा तासांची स्लीपर ट्रॅव्हल्स का घेतो? स्वस्त पडते हे एक कारण आहेच. पण ज्यांना विमान परवडते तेही माझ्या काउंटरवर शेवटी ट्रॅव्हल्सच मागतात. कारण ट्रॅव्हल्स ठरल्या वेळी निघते. उशीर होतो, पंक्चर होते, ढाब्यावर ड्रायव्हर जेवत बसतो, सगळे खरे. पण ती उद्या आहे, परवा आहे, पुढच्या महिन्यातही आहे. तुमचे थेट विमान मंगळवारी असते आणि गुरुवारी नसते. पुढच्या महिन्यात वार बदलतात, त्याच्या पुढच्या महिन्यात बुकिंगच उघडलेले नसते. पाच अनिश्चित तासांपेक्षा माणसाला सतरा निश्चित तास बरे वाटतात, आणि मला त्यात काही वेडेपणा दिसत नाही.

एक प्रसंग सांगतो, कंपनीचे नाव घेत नाही. उमरेडकडचे एक शेतकरी कुटुंब. मुलगी कोल्हापूरकडे वैद्यकीय शिक्षणाला, पदवीदान समारंभ सकाळी अकराला. आई कधी विमानात बसली नव्हती, म्हणून बापाने हौसेने थेट विमानाची तिकिटे काढली, आदल्या दिवशीची. चार दिवस आधी रात्री मेसेज आला: उड्डाण रिशेड्यूल. नवी तारीख समारंभाच्या दुसऱ्या दिवशीची. खाली दोन बटणे, स्वीकारा किंवा रिफंड घ्या. दुसऱ्या दिवशी सकाळी माझे शटर अर्धे वर होते तेव्हाच ते दोघे बाहेर उभे होते. बाई काहीच बोलत नव्हत्या. त्यांनी प्रवासासाठी नवी पर्स घेतली होती, तिच्या चेनला दुकानाचे लेबल तसेच लटकत होते, आणि त्या ते बोटाने फिरवत होत्या. मी त्यांना ट्रॅव्हल्सची दोन खालची बर्थ काढून दिली. रिफंड नियमाप्रमाणे आला, त्यात खोट काढता येणार नाही. कागदावर सगळे चोख. मुलीचा समारंभही त्यांनी गाठला. पण त्या घरात आता विमानाचा विषय निघत नाही, आणि असे एक घर तुटले की मागे दहा शेजारी तुटतात. मग तुम्ही म्हणता की या मार्गाला प्रतिसाद नाही.

प्रतिसाद कुठे अपेक्षित आहे आणि कुठे नाही, याचाही सरळ विचार हवा. प्रत्येक तालुक्याला विमान पाहिजे म्हणणाऱ्यांतला मी नाही. नागपूर ते गोंदियाजवळचे बिरसी हवाई मार्गाने १४० किलोमीटरही नाही, अमरावतीचे बेलोराही तेवढेच. एवढ्या अंतरात विमान वर गेले न गेले तोच खाली यायला लागते, आणि तोवर माणूस गाडीने घरी पोहोचून जेवलेला असतो. बेलोराहून एप्रिल २०२५ मध्ये मुंबईचे विमान सुरू झाले ते योग्यच. ते अंतर साडेपाचशे किलोमीटरच्या घरात आहे, तिथे विमानाला अर्थ आहे. नांदेड आणि रायपूर दोन्ही नागपूरपासून हवाई मार्गाने २८० किलोमीटर. ही काठावरची प्रकरणे. रायपूरला वंदे भारत आहे, रस्ता चांगला आहे, निव्वळ नागपूर–रायपूर प्रवाशाला विमानाची गरज नाही. नांदेडचे तसे नाही, पण तिथेही विमानाने घरापासून घरापर्यंत साडेतीन-चार तास लागतात आणि गाडीने सहा-सात. फरक आहे, पण जीव टाकावा इतका नाही. खरा फरक पडतो तो ५०० किलोमीटरच्या पुढे: नाशिक ५४५, पुणे ६०५, कोल्हापूर ७००. छोटी विमाने मोजकीच आहेत. ती तिथे लावा आणि तिथे टिकवा.

लहान शहरे विमानाने जोडणाऱ्या केंद्राच्या उडान योजनेने हा विचार केला नव्हता असे नाही. २७ एप्रिल २०१७ ला शिमला–दिल्लीबरोबर नांदेड–हैदराबाद विमानालाही हिरवा झेंडा दाखवला गेला, तेव्हा आम्ही दुकानात टीव्ही लावून बघत होतो. सुमारे ५०० किलोमीटर, तासाभराचे उड्डाण, २,५०० रुपये, असे ते सूत्र. सूत्र छान, पण त्यातला तास हाही हवेतलाच तास. आणि कंपनीला मिळणारा तोटा भरून देणारा पैसा तीन वर्षांसाठी. तीन वर्षे संपली की कितीतरी मार्ग गपकन बंद झाले. तीन वर्षांत प्रवाशाला सवय लागली असती, जर त्या तीन वर्षांत विमान रोज उडाले असते. सवय लागायला ठरलेली वेळ लागते, सरकारी रक्कम नाही.

आता याच नागपूरची एक जुनी गोष्ट, तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत असेल. १९४९ मध्ये देशात रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री विमाने निघायची आणि मध्यरात्रीनंतर सोनेगावला एकत्र यायची. टपालाच्या पिशव्यांची अदलाबदल व्हायची, थोडे प्रवासीही असायचे, आणि मग प्रत्येक विमान आपापल्या शहराकडे परत. दिल्लीत संध्याकाळी टाकलेले पत्र सकाळी मद्रासला. सुरुवातीला ती डाकोटा विमाने होती, आजच्या एटीआरच्या निम्म्या-पाऊण वेगाची. नागपूरपासून मुंबई ६८५ किलोमीटर, दिल्ली ८५०, मद्रास ९१०, कलकत्ता जवळपास हजार. अंतरे चार तऱ्हेची, भेटण्याची वेळ एक. त्या लोकांनी आधी सोनेगावची वेळ ठरवली आणि मग अंतराप्रमाणे कोणी कधी निघायचे ते मागे मोजत नेले. बर्डीवरच्या जुन्या लोकांनी रात्रीच्या त्या विमानांचे आवाज ऐकलेले आहेत. पुढे थेट जेट विमाने आली, सत्तरच्या दशकात ही सेवा बंद पडली, आणि देशाच्या मध्यावर असण्याचा नागपूरचा फायदा झिरो माइलच्या दगडापुरता उरला.

तुम्ही आज उलटे करता. कुठले विमान मुंबई-हैदराबादच्या फेऱ्यांतून कधी रिकामे होते ते बघता, आणि उरलेल्या फटीत कोल्हापूर किंवा नांदेड कोंबता. म्हणून कुठे दुपारी एकला विमान सुटते. दुपारी एकला सुटणाऱ्या विमानाने सकाळही जाते आणि संध्याकाळही. कोर्टाचे काम, हॉस्पिटलची अपॉइंटमेंट, मुलाखत, लग्न, यातले काहीच त्याने एका दिवसात आटोपत नाही. मुक्काम करावाच लागतो, आणि मुक्कामाचा खर्च धरला की ट्रॅव्हल्सच परवडते.

माझी सूचना अशी. सकाळी साडेआठ ही नागपूरला भेटायची वेळ धरा आणि एटीआरच्या वेगाने मागे मोजा. कोल्हापूरहून सहा-चाळीसला निघावे लागेल. नाशिकहून सातला. इंदूरहून, ३८० किलोमीटर, सात-वीसला. नांदेड आणि रायपूरहून सात-पस्तीसला, जबलपूरहून सात-चाळीसला. सगळी विमाने साडेआठच्या आसपास सोनेगावला. पाऊण तास अदलाबदल, सव्वानऊला उलट दिशांना रवाना. कोल्हापूरचा माणूस सकाळी उठून अकराच्या आत रायपूरला, इंदूरचा माणूस तासभर इकडे-तिकडे नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात. संध्याकाळी सहाच्या सुमारास हाच मेळ पुन्हा. नुसत्या नागपूर–रायपूर विमानाला गिऱ्हाईक नाही, हे मीच वर लिहिले. पण कोल्हापूर–रायपूर, नाशिक–जबलपूर, नांदेड–इंदूर अशी माणसे एकाच विमानात बसली की तेच २८० किलोमीटर भरायला लागतात. सगळे मार्ग एकदम नकोत. तीन विमानांनी सुरुवात करून बघा: कोल्हापूर, नाशिक, रायपूर.

अडचणी मला दिसतात. सकाळी लवकर निघायचे तर विमान रात्री कोल्हापूरला किंवा रायपूरला उभे ठेवावे लागेल, वैमानिक आणि क्रूचा मुक्काम आला, बिघाड झाला तर तिथे सुटा भाग मिळणार नाही. एक विमान उशिरा आले तर बाकीच्यांनी थांबायचे की निघायचे, हा दुसरा पेच. पावसाळ्यात कोल्हापुरात ढग खाली आले की वेळापत्रकाची वाट लागणार. हे सगळे मान्य करूनही मला वाटते की राज्याने पैसा घालायचा असेल तर तो इथे घालावा. तिकिटाच्या सवलतीवर टाकलेले पैसे सवलत संपली की संपतात. रात्रीच्या पार्किंगचे भाडे भरून द्या, क्रूच्या मुक्कामाचा भार उचला, इंधनावरचा कर या मार्गांपुरता नाममात्र ठेवा. राज्याच्या हातात एवढे तर नक्कीच आहे.

आणि डिसेंबरची आठवण करून देतो. १९५३ च्या नागपूर करारामुळे दरवर्षी विधिमंडळाचे अधिवेशन इकडे भरते. कोल्हापूर, सांगलीचे आमदार, त्यांचे पीए, अधिकारी, फायलींचे गठ्ठे, सगळे नागपुरात येतात. त्या दिवसांत या मार्गावर विमान हवे ही गोष्ट सगळ्यांना एकदम पटते. शेवटची लक्षवेधी झाली की पुन्हा सामसूम. अधिवेशनाला येणाऱ्या सन्माननीय सदस्यांना माझी विनंती आहे की एकदा येताना महाराष्ट्र एक्स्प्रेसने या. स्लीपरने. तिकीट मी काढून देतो, कन्फर्म.

पैसा न लागणारे एक काम मात्र लगेच होण्यासारखे आहे. डीजीसीए दर महिन्याला विमान वाहतुकीचे आकडे काढते, त्यात वेळेवर सुटणाऱ्या विमानांची टक्केवारी असते. पण ती दिल्ली, मुंबई, बंगळुरू, हैदराबाद अशा मोजक्या मोठ्या विमानतळांची. नागपूर–कोल्हापूर किंवा नागपूर–नांदेड विमान गेल्या महिन्यात किती दिवस ठरलेले होते, किती दिवस उडाले, किती दिवस पंधरा मिनिटांच्या आत पोहोचले, हे प्रवाशाला कुठेच सापडत नाही. प्रत्येक मार्गाचे हे तीन आकडे तुमच्याकडे रोज जमा होतातच. ते बुकिंगच्या पानावर भाड्याच्या शेजारी छापा. राज्य सरकार ज्या मार्गाला एक रुपयाचीही मदत देते, त्या मार्गावर तरी ही अट घालायला कोणाची हरकत नसावी. आकडा वाईट असला तरी छापा. "तीसपैकी एकवीस दिवस उडाले" असे लिहिलेले असते, तर उमरेडच्या त्या कुटुंबाला मी स्वतःच सांगितले असते की समारंभ आहे, दोन दिवस आधीचे काढा.

हिवाळी वेळापत्रक ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी लागते आणि मार्चच्या शेवटच्या शनिवारपर्यंत चालते. त्याचे स्लॉट, म्हणजे विमानतळावर उतरण्या-उडण्याच्या ठरलेल्या वेळा, तुम्ही काही महिने आधीच मागता. या वेळी नागपूर–कोल्हापूरसाठी सकाळचा एक आणि संध्याकाळचा एक स्लॉट मागा, आठवड्याचे वार ठरवा, आणि ते मार्चपर्यंत बदलू नका. बुकिंग एकदम पाचही महिन्यांचे उघडा. त्या काळात लग्नसराई आहे, अधिवेशन आहे, महाविद्यालयांच्या सुट्ट्या आहेत. मार्चअखेर विमान रिकामे गेले तर बंद करा, आम्ही तक्रार करणार नाही.

तोवर काउंटरवर कोणी कोल्हापूरची वेळ विचारली तर मी संध्याकाळच्या ट्रॅव्हल्सचा बोर्ड दाखवतो.

आपला,
बर्डीवरचा एक तिकीट एजंट
नागपूर